चित्राकडे पाठ करून उभं राहायचं: टुरिझमच्या मुलांची अभ्यास सहल

आजचा भाग कोडिंगवर नाही, सहलीवर आहे. पण लगेच स्किप करू नका, मध्ये थोडं गणितही येणार आहे.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. माझी मामेबहीण पुण्यात टुरिझमची डिग्री करतेय, शेवटचं वर्ष. त्यांच्याकडे दरवर्षी एक अभ्यास सहल असते, वेरूळ-अजिंठा, तीन दिवसांची. यंदा ती बंद करायची अशी चर्चा सुरू झाली. माणशी साडेचार हजार खर्च. काही पालकांचं म्हणणं, फी भरून वर हे कशाला. काहींचं म्हणणं, मुलींना दोन रात्री बाहेर पाठवणार नाही. मग मीटिंगमध्ये कुणीतरी शक्कल लढवली: थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्याने लेणी शूट करून घेऊ, चार-पाच व्हीआर हेडसेट आणू, वर्गातच अजिंठा. एकदाच खर्च, दरवर्षी वापर. बहिणीने माझं नाव पुढे केलं, कारण आमच्या घरातला अधिकृत कॉम्प्युटरवाला मीच.

आता आमच्या धंद्यात एक सवय असते. कुणी म्हणालं की अमुक कामाच्या जागी सॉफ्टवेअर बसवा, तर आधी ते काम चालतं कसं हे जाऊन बघायचं. म्हणून मी मॅडमना म्हटलं, यंदाची सहल होऊ द्या, मी सोबत येतो, मग सांगतो. त्या हो म्हणाल्या. पंचेचाळीस मुलं, दोन मॅडम, एक सर, बसचे दोन ड्रायव्हर आणि मी.

पहिली मजा निघायच्या आधीच झाली. मॅडमनी मुलांचे सात गट केले आणि प्रत्येकाला सांगितलं, शनिवार ते सोमवार असा कार्यक्रम आखून आणा. वाटतं सोपं. पुणे ते संभाजीनगर अंतर साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, शनिवारी पोचायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा, परत. सातपैकी तीन गटांनी अगदी हेच आणलं. कागदावर झकास. पण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. या तीन गटांचा पॅकेज टूर खरा असता, तर चाळीस-पंचेचाळीस माणसं बंद फाटकासमोर उभी राहिली असती आणि रिव्ह्यूमध्ये एक स्टार पडला असता. मॅडमनी बरोबर-चूक काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री करा आणि कुणाशी बोललात ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी तिन्ही गटांचे कागद बदललेले.

हीच माहिती पुस्तकात एका ओळीत असते, ती मुलांनी वाचलेलीही होती. पण कार्यक्रम स्वतः आखताना ती ओळ आडवी आली, तेव्हा कुठे ती डोक्यात बसली.

आता सरळ अजिंठ्याला जाऊ, कारण व्हर्च्युअल टूरचा सगळा वाद तिथलाच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला पाहिजे. अजिंठ्याची चित्रं फोनवर जास्त चांगली दिसतात. हसू नका. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी बघायला तुम्ही आत जाता, तेव्हा तिथे अंधार असतो. चित्रांना त्रास होऊ नये म्हणून दिवे मंद ठेवलेत, फ्लॅशला बंदी आहे, पुढे कठडा आहे, आणि तुमच्या पुढे दोन उंच माणसं आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तुमची निघायची वेळ होते. याउलट चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो झूम केला की मुकुटावरची नक्षी, हातातलं कमळ, सगळं दिसतं. म्हणजे प्रश्न चित्र बघण्याचाच असेल, तर मीटिंगमधला तो माणूस बरोबर होता.

पण ही मुलं कलेच्या इतिहासाची नाहीत, टुरिझमची आहेत. कलेच्या विद्यार्थ्याने चित्र बघावं. टुरिझमच्या विद्यार्थ्याने चित्राकडे पाठ करून उभं राहावं आणि ते बघायला आलेल्या माणसांकडे बघावं. माझ्या मते ही सहल म्हणजे एवढीच गोष्ट आहे. आणि ती थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्यात येत नाही, कारण असं शूटिंग करताना आपण काय करतो? गर्दी नसेल अशी वेळ गाठतो. म्हणजे टुरिझम वगळून उरलेलं सगळं शूट करतो!

मॅडमनी गटांना कामं वाटली होती. एक गट वेळ मोजणारा, एक पैसे, एक फक्त सोयी बघणारा, एक गाइडच्या मागे फिरणारा, वगैरे. सगळ्यांचं सांगत बसत नाही, दोन-तीन सांगतो.

वेळवाल्या गटाने फर्दापूरच्या फाट्यापासून घड्याळ लावलं. ज्यांनी अजिंठा पाहिलंय त्यांना माहीत आहे, आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फाट्यावर पार्किंग करायचं, तिथून साधारण चार किलोमीटर ठरलेल्या बसने जायचं. धूर आणि गर्दी लेण्यांपासून लांब राहावी म्हणून ही व्यवस्था. पुस्तकात याला बफर झोन, व्हिजिटर मॅनेजमेंट असे मोठे शब्द आहेत. मुलांच्या वहीत काय आलं? पार्किंगमध्ये उतरलो ९:४०. बसच्या तिकिटाची रांग. बस भरेपर्यंत थांबणं. मग वर लेण्यांच्या तिकिटाची दुसरी रांग. चढण. पहिल्या लेण्याबाहेर चपला काढायची तिसरी रांग. पहिलं चित्र दिसलं तेव्हा ११:०५. म्हणजे पंच्याऐंशी मिनिटं. आता एखाद्या टूर कंपनीच्या पत्रकात ‘सकाळी १० वाजता अजिंठा दर्शन’ असं छापलेलं असतं ना, त्यातली ही पंच्याऐंशी मिनिटं कुठे असतात? नसतातच. मग ती पुढे जेवणातून कापली जातात किंवा गाइडच्या बोलण्यातून.

आता कबूल केलेलं गणित. चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात, कारण श्वासाने आतली दमट हवा वाढते आणि ती रंगांना बाधते. समजा एका वेळी ४० माणसं आत आहेत आणि प्रत्येक जण सरासरी १० मिनिटं थांबतो. तर मिनिटाला चार माणसं बाहेर पडणार, चार आत जाणार. तासाला २४०. आता गाइड रंगात आला आणि १५ मिनिटं बोलला, तर तासाला १६०च. आणि पहारेकऱ्याने ‘चला चला’ करून सहा मिनिटांत बाहेर काढलं, तर ४००. आमच्याकडे याला लिटलचा नियम म्हणतात, सर्व्हरवर किती रिक्वेस्ट एका वेळी अडकून राहतील ते काढायला आम्ही हेच वापरतो. मी मुलांना रांगेत उभं असतानाच हे सांगितलं. एका मुलाने लगेच विचारलं, ‘दादा, मग कॅरिंग कपॅसिटी म्हणजे हा २४० का ४००?’

बघा, हा खरा प्रश्न आहे. कॅरिंग कपॅसिटी, म्हणजे एखादी जागा किती माणसं पेलू शकते, याची व्याख्या त्या मुलाला पाठ होती, परीक्षेत पाच मार्कांना येते. पण तो आकडा दगडावर कोरलेला नसतो, कुणाला किती वेळ आत उभं राहू द्यायचं या निर्णयातून तो तयार होतो, हे त्याला रांगेत कळलं. जास्त माणसांना थोडं दाखवायचं की थोड्या माणसांना नीट? आणि आत येऊ न शकलेल्यांचं काय? जळगावहून पोराबाळांना घेऊन एसटीने आलेला माणूस परत कधी येणार? मॅडम आणि सर यांच्यात यावरून तिथेच जुंपली, आणि मुलं आळीपाळीने दोघांकडे बघत होती. मला तो दिवसभरातला सगळ्यात चांगला तास वाटला.

सोयी बघणाऱ्या गटात माझी बहीण होती. त्यांच्याकडे साधे प्रश्न होते. गुडघे दुखणारी आजी पहिल्या लेण्यापर्यंत कशी पोचेल? अजिंठ्याला डोलीवाले आहेत, खुर्चीत बसवून चार जण उचलून नेतात. त्यांचा दर कुठे लिहिलेला आहे का, परदेशी माणसाला आणि आपल्या माणसाला सारखाच सांगतात का, दिवसात त्यांच्या किती फेऱ्या होतात? आणि दुसरा प्रश्न, जो कार्यक्रम आखताना एकाही मुलाने विचारात घेतला नव्हता आणि सगळ्या मुलींनी घेतला होता: स्वच्छतागृह. सकाळी हॉटेल सोडल्यापासून पुढचं वापरता येईल असं स्वच्छतागृह किती वेळाने? सिल्लोडच्या रस्त्यावर आम्ही चहाला थांबलो, तिथे मुलांची सोय झाली. मुलींना मालकाच्या घरात विचारून जावं लागलं, आणि पंधरा-वीस जणींमध्ये मग पाऊण तास गेला. बहिणीने वहीत लिहिलं: चहाचा थांबा चहासाठी निवडायचा नसतो. मी म्हटलं हे वाक्य तुमच्या पुस्तकात नाही ना? म्हणाली, ‘दादा, पुस्तकात बायका नसतात, टुरिस्ट असतात.’

आता एक जरा कडू गोष्ट. फाट्यावरच्या बाजारात रंगीत स्फटिक, चमकणारे दगड विकणारे बरेच जण आहेत. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये ते सापडतात. त्यांची विकायची पद्धत ठरलेली: हातात एक छोटा खडा फुकट ठेवतात आणि म्हणतात, येताना माझ्या दुकानात या. मार्केटिंग शिकायचं तर इथे यावं. एक गट त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन गेला. उत्पन्न किती, कोणत्या महिन्यात धंदा जास्त, वगैरे. एका काकांनी शांतपणे दोन-तीन उत्तरं दिली आणि मग विचारलं, ‘दरवर्षी पोरं येतात, फॉर्म भरून नेतात. त्याचं पुढं काय होतं?’

कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढे काय होतं ते मला नंतर कळलं, कारण मी मागच्या चार-पाच वर्षांचे अहवाल चाळले. स्पायरल बाइंडिंग, कपाटात. आणि आत? ‘अजिंठा येथे सुमारे ३० लेणी आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती दिसली. १९८३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.’ माहिती खरी आहे. पण त्यासाठी साडेचार हजार रुपये आणि तीन दिवस लागत नाहीत, चॅटजीपीटी तीस सेकंदांत देतो. बऱ्याच अहवालांत त्यानेच दिली असावी, काही परिच्छेद शब्दशः सारखे होते. पालक पैसे कशाला म्हणतात ना, ते हे अहवाल बघून म्हणत असतील तर मी पालकांच्या बाजूने आहे.

म्हणून यंदा मॅडमनी एक नियम केला, आणि तो मला फार आवडला. घरी बसून सापडेल असं एकही वाक्य अहवालात चालणार नाही. इतिहास नको, राजवंश नको. तुम्ही मोजलेलं, विचारलेलं, ऐकलेलं तेवढंच. पहिल्यांदा मुलं घाबरली, कारण मग पानं कशाने भरायची? शेवटी अहवाल चाळीस पानांवरून अकरा पानांवर आला. आणि त्या काकांना त्यांच्याबद्दलचं एक पान मराठीत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी दोन आकडे दुरुस्त करून परत पाठवलं.

एक जागा मात्र मला स्वतःला लागली. फाट्याजवळच एक भलंमोठं व्हिजिटर सेंटर आहे. जपानच्या कर्जातून उभारलेलं, आत १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती. कल्पना उत्तम: लोकांनी आधी इथे निवांत, भरपूर उजेडात बघावं, म्हणजे मूळ लेण्यांवरचा ताण कमी. थोडक्यात, आपल्या व्हर्च्युअल टूरचा सिमेंटमधला अवतार. २०१९ मध्ये बातम्या आल्या की वीज आणि पाण्याची बिलं थकल्यामुळे ते बंद ठेवावं लागलं. मुलांना मी विचारलं, तुमच्या पुस्तकात इन्फ्रास्ट्रक्चरचा धडा आहे, त्यात बांधायचा खर्च असतो की चालवायचा? बहुतेक बांधायचाच. आमच्याकडेही असंच होतं बरं का. ॲप बनवायला उत्साहाने पैसे मिळतात, दोन वर्षांनी सर्व्हरचं बिल कोण भरणार विचारलं की सगळे छताकडे बघतात. आणि मी मनात म्हटलं, मी बनवलेल्या व्हीआर टूरचे हेडसेट तिसऱ्या वर्षी कोण चार्ज करणार आहे?

वेरूळचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही थकलेलो होतो, आणि कैलास लेण्यासमोर उभं राहिल्यावर मुलांनी वह्या बंद करून फक्त बघितलं. ते ठीकच आहे. डोंगर वरून खाली कोरत आणलाय म्हटल्यावर माणसाने थोडा वेळ काही मोजू नये. पण एक निरीक्षण सांगण्यासारखं. वेरूळच्या लेण्यांपासून घृष्णेश्वराचं देऊळ अगदी जवळ आहे, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. पुस्तकात धार्मिक पर्यटन आणि सांस्कृतिक पर्यटन असे वेगवेगळे धडे आहेत. मुलांनी कैलासच्या दारात पन्नास कुटुंबांना विचारलं, कुठून आलात आणि कशासाठी. बहुतेक जण घृष्णेश्वराला आलेले, ‘इथवर आलोच आहोत तर’ म्हणून लेणी. आणि काही थेट उलट. एक काकू म्हणाल्या, इथे पण महादेवच आहे की! दोन धडे एका वाक्यात एक झाले. आता अशा कुटुंबाला तुम्ही गाइड म्हणून काय सांगाल? राष्ट्रकूटांचा कृष्ण पहिला की शिवपार्वतीचं लग्न? आमच्या गटातला जो मुलगा वर्गात सगळ्यात कमी बोलतो, त्याने त्या काकूंना रावण कैलास हलवतोय ते शिल्प दाखवून गोष्ट सांगितली आणि पाच मिनिटांत भोवती वीस माणसं जमली. मॅडमनी त्याचे मार्क तिथेच लिहिले.

मग मी माझं मत दिलं. व्हर्च्युअल टूर सहलीच्या जागी नको, सहलीच्या आधी वापरा. चित्रं, शिल्पं, कथा वर्गात मोठ्या पडद्यावर बघून घ्या, त्यासाठी फुकटात उपलब्ध असलेले चांगले फोटो पुरतात, माझी गरज नाही. म्हणजे जागेवर गेल्यावर मुलांना भिंतीकडे पाठ करायला मोकळीक मिळेल.

पण यातून पैशाचा प्रश्न सुटत नाही, आणि तो खोटा नाही. पंचेचाळीस जण आले, वर्गात अठ्ठावन्न आहेत. न आलेल्या तेरा जणांपैकी नऊ मुली. एका मुलाने फी हप्त्याने भरली होती आणि प्रत्येक जेवणाला तो आधी किंमत विचारायचा. ज्या गोष्टीला मार्क आहेत ती पैशावर आणि घरच्या परवानगीवर अवलंबून असेल, तर तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणायचा कसा? यावर सहलीत पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या गटानेच उपाय काढला. त्यांनी दाखवलं की निम्म्याच्या आसपास खर्च फक्त बसचा आहे. मग लांब जायलाच हवं का? पुण्याहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, कार्ल्याला जायचं. भव्य चैत्यगृह, त्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ, वर चढायच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना हार-फुलांची, सरबताची दुकानं, मुंबईहून पालखी घेऊन येणारे कोळी बांधव. भाविक, पर्यटक, रांग, कचरा, स्वच्छतागृह, सगळं एका डोंगरावर. संध्याकाळी घरी. खर्च शे-दोनशे रुपये.

गेल्या आठवड्यात विभागाच्या बैठकीत हे मांडलं. कार्ले सक्तीचं, सगळ्यांसाठी, दुसऱ्या वर्षात. वेरूळ-अजिंठा शेवटच्या वर्षात, तीनऐवजी दोन रात्री-दोन दिवस, आणि ज्यांना जमणार नाही त्यांना कार्ल्यालाच दुसऱ्यांदा, वेगळ्या हंगामात जाऊन तुलना करायची. त्यांचे मार्क तेवढेच. व्यवस्थापनाने कार्ल्याला मान्यता दिलीय. अजिंठ्याचा निर्णय जूनमध्ये.

माझ्याकडे आता काम आलंय ते एवढंच: फोनवर चालणारा, नेटवर्क नसलं तरी माहिती साठवणारा एक साधा फॉर्म, कारण कार्ल्याच्या पायऱ्यांवर रेंज येते-जाते. बहिणीची एकच अट आहे, त्यात ‘स्वच्छतागृह’ हा रकाना वरून तिसऱ्याच्या खाली जाता कामा नये. तुमच्यापैकी कुणी टुरिझम शिकत असेल आणि असा फॉर्म वापरून बघायचा असेल, तर मेसेज करा. तयार झाला की लिंक टाकतो. चला, भेटू पुढच्या रविवारी.